आधी पट्टी, मग पंच!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी नर्सरीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटची. मराठी बोलते भरपूर, पण लिहायची वेळ आली की ऱ्हस्व-दीर्घावरून घाम फुटतो. मासिकाच्या मराठी विभागासाठी काहीतरी दे म्हणून मैत्रीण मागेच लागली तेव्हा मी म्हटलं, पाऊस, आई आणि मैत्री यांवर दरवर्षी येतंच. मला ज्यातलं थोडंफार कळतं त्यावर लिहिते. ते म्हणजे हँड रॅप्स. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, मुए थाय असलं काही शिकताना ग्लोव्हजच्या आत हाताला जी लांबलचक पट्टी गुंडाळतात ना, ती. आमचे सर तिला बँडेज म्हणतात, दुकानदार हँड रॅप म्हणतो, आणि माझी आजी नुसतं पट्टी म्हणते. मीही पट्टीच म्हणणार आहे, कारण शुद्धलेखनाला सोपं!

मी सिंदीची. सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा. हा कंसातला रेल्वे आमच्या गावाच्या नावाचाच भाग आहे, कारण तिकडे वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे आणि पत्रं, पाहुणे नेहमी चुकून तिकडे जातात. नागपूर-वर्धा लाइनवर बुटीबोरी गेली की पुढे आमचं स्टेशन. गावाची प्रसिद्धी म्हणाल तर तान्हा पोळा. बॉक्सिंगशी गावाचा संबंध शून्य. म्हणून हॉस्टेलला आल्यावर जिमच्या कोपऱ्यात टांगलेली ती काळी बॅग पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती गिरणीतलं पोतं वाटली होती.

पण पोत्यानं वेड लावलं. संध्याकाळी साडेपाचला आम्ही सात-आठ मुली जमायला लागलो. ग्लोव्हज कॉमन, मुलांचे, आतून ओलसर आणि वासाचे. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, प्रत्येकीनं स्वतःचं बँडेज आणा. मी काय केलं? मेडिकलमधून क्रेप बँडेज आणलं. मुरगळलेल्या पायाला बांधतात ते, चॉकलेटी, ताणलं की दुप्पट होणारं. बँडेज म्हणजे बँडेज, त्यात काय निवडायचं? मस्त घट्ट गुंडाळलं आणि दे दणादण.

तिसऱ्या आठवड्यात एक उजवा पंच जरा तिरका बसला. मनगट आत दुमडलं आणि सगळा जोर करंगळीकडच्या बाजूला गेला. कट्‌ असा बारीक आवाज मला तरी ऐकू आला. रात्रीपर्यंत हात भजीसारखा फुगला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं, पण डॉक्टरांनी तीन आठवडे उजवा हात वापरायचा नाही म्हणून बजावलं. आणि आठ दिवसांवर सबमिशन! ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ड्रॉइंगच्या शीट्स रूममेटनं रात्री दोनला टेबलाच्या काचेखाली बल्ब लावून जीटी मारून दिल्या (स्टाफपैकी कोणी वाचत असेल तर हे वाक्य सोडून द्यावं, प्लीज), पण जर्नल मात्र मी डाव्या हातानं पूर्ण केलं. ते जर्नल अजून आहे. पहिलीतल्या मुलाचं वाटतं.

त्या तीन आठवड्यांत रिकाम्या वेळी मी एकच गोष्ट शोधत बसले: पट्टी नेमकं करते काय, आणि माझ्या पट्टीनं ते का केलं नाही?

आपल्या एका हातात २७ हाडं असतात. मनगटात छोटी छोटी ८, तळव्यात लांबट ५ आणि बोटांमध्ये १४. मूठ वळली की वर जे उंचवटे दिसतात (इंग्रजीत नकल्स, मराठी शब्द मी आजीला विचारला, ती म्हणाली हाताच्या गाठी, आणि हसली) ते म्हणजे तळव्यातल्या लांब हाडांची टोकं. यातली पहिली दोन, तर्जनी आणि मधल्या बोटाची, मनगटाशी जवळजवळ घट्ट बसवलेली असतात. करंगळीचं आणि तिच्या शेजारचं हाड मात्र बरंच हलतं. हात सैल सोडून दुसऱ्या हातानं एकेक हाड वर-खाली करून पाहा, लगेच कळेल. म्हणून पंच पहिल्या दोन गाठींवर बसला पाहिजे. तो करंगळीकडे सरकला की त्या हाडाची मान, म्हणजे गाठीच्या जरा मागचा निमुळता भाग, मोडतो. याला नावच बॉक्सर्स फ्रॅक्चर आहे. गंमत म्हणजे शिकलेल्या बॉक्सरपेक्षा रागात भिंतीला गुद्दा मारणाऱ्यांना हे जास्त होतं. रिझल्टच्या दिवशी हॉस्टेलच्या भिंतींना कोण कोण मारतं, त्यांनी नोंद घ्यावी.

बहुतेकांना वाटतं की पट्टी म्हणजे गादी. मार कमी लागावा म्हणून. तसं नाही. गादीचं काम ग्लोव्हजचं. पट्टीचं काम बांधून ठेवायचं. तळव्यातली पाच लांब हाडं एका जुडीसारखी एकत्र आवळायची, म्हणजे आघात झाला की ती पंख्यासारखी पसरत नाहीत. आणि मनगट हाताच्या सरळ रेषेत धरून ठेवायचं, म्हणजे ते आत-बाहेर दुमडत नाही. सिव्हिलवाल्यांना प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हटलं की कळेल: लोड यायच्या आधीच आपण आवळून ठेवतो. आम्हा मेकॅनिकलवाल्यांना तुराट्यांची जुडी म्हटलं तरी पुरतं.

आता माझं क्रेप बँडेज. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या भाषेत सांगायचं तर त्याची स्टिफनेस जवळजवळ नाहीच. मनगट दुमडायला लागलं की पट्टीनं म्हणायला हवं, थांब. क्रेप म्हणतं, चल ना, मीपण येते! ते मनगटाबरोबर ताणलं जातं. वर आणखी एक वाईट खोड. ताणून बांधलेलं इलॅस्टिक सतत आकुंचन पावायला बघतं, त्यामुळे हात गरम होऊन थोडा फुगला तरी ते ढिल देत नाही आणि बोटं बधिर व्हायला लागतात. म्हणजे जिथे धरायचं तिथे सोडतं आणि जिथे सोडायचं तिथे धरतं. मुरगळलेल्या पायाला ते उत्तम आहे. पंच मारणाऱ्या हाताला नाही.

दुकानात मुख्यतः दोन जातीच्या पट्ट्या मिळतात. एक साधी सुती, अजिबात न ताणणारी. दुसरी मेक्सिकन स्टाइल म्हणून विकतात ती, सुतात थोडा लवचिक धागा विणलेली, ताणली की जरा वाढणारी. दुसरी हातावर छान बसते, बोटांच्या बेचक्यात चुण्या पडत नाहीत, नवशिकीला बांधायला सोपी. पण त्या सोपेपणातच धोका आहे, कारण ती किती ताणली याचा अंदाज येत नाही आणि आपण हमखास जास्त आवळतो. साधी सुती पट्टी पहिले आठ-दहा दिवस रडवते, घड्या पडतात, सुटते. पण तिच्यावर हात बसला की ती मनगट जसं धरते तसं दुसरी कोणी धरत नाही. मला विचाराल तर ज्यांचे सांधे फार लवचिक आहेत त्यांनी सुतीच घ्यावी. अंगठा मागे वाकवून कोपराच्या पुढच्या हाताला टेकवून पाहा. टेकला तर तुम्ही त्यातल्या. असा सैल सांधा मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळतो, आणि आमच्या सात-आठ जणींत दोघी निघाल्या. बाकीच्यांनी कमी ताणणारी मेक्सिकन घेतली तरी चालेल.

तिसरा प्रकार जेलवाला. बिनबोटांच्या हातमोज्यासारखा, गाठींवर जेलची गादी आणि मनगटाला छोटा पट्टा. हात घातला की झालं. घाईत असलेल्यांना मोह होतो, मलाही झाला. पण वर सांगितलं ना, गादीचं काम ग्लोव्हज करतातच. हा प्रकार मनगट फारसं धरत नाही आणि स्पर्धेच्या नियमातही बसत नाही.

सुतीच का, पॉलिएस्टर का नाही, असंही एकीनं विचारलं होतं. दोन कारणं. एक घाम. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पॉलिएस्टरच्या पट्टीत घाम जिरत नाही, तिथेच फिरत राहतो. दुसरं कारण घर्षण, आणि इथे आपलं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स कामी येतं. बेल्ट फ्रिक्शन आठवतं? खुंट्याला कासऱ्याचे दोन-तीन वेढे दिले की एवढा मोठा बैल एक पोरगं धरून ठेवतं, तेच. वेढे वाढतात तशी पकड बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. घर्षणांक ०.३ धरला तर तीन पूर्ण वेढ्यांनंतर एका टोकाला जेवढी ओढ असेल तिच्या सुमारे २८५ पट ओढ दुसऱ्या टोकाला तोलून धरता येते. पट्टीच्या शेवटच्या टोकाला इवलीशी वेलक्रो असते, आणि एवढ्या दणक्यात ती सुटत कशी नाही याचं उत्तर हे आहे. वेलक्रोला फारसं काही करावंच लागत नाही. पण सुळसुळीत कापड घेतलं की घर्षणांक उतरतो आणि गणित कोसळतं. परीक्षेत या सूत्राचे मला आठपैकी तीन मार्क मिळाले होते. बॅगसमोर पूर्ण कळलं.

आता खरी भानगड: लांबी. हे जरा सविस्तर सांगते, कारण मुलींची फसगत इथेच होते.

हात बरा झाल्यावर मी शहरातल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या काकांनी माझ्याकडे न बघताच गुलाबी पाकीट पुढे केलं. ‘लेडीज.’ वर लिहिलं होतं १०८ इंच. मी विचारलं, दुसरी लांबी नाही का? ते म्हणाले, बेटा, १८० जेंट्समध्ये येतं. घरी येऊन विचार केला, पट्टीला कसं कळणार मी कोण आहे ते?

आठवून पाहा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं आणि मेरी कोमनं ५१ किलो गटात कांस्य मिळवलं. निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला ५२ किलोत आणि २०२३ मध्ये दिल्लीला ५० किलोत विश्वविजेती झाली. आणि आपल्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से शहरात युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली, ती ८१ किलोवरच्या गटात. सगळ्या मुलीच. पन्नास किलोच्या आणि ऐंशी किलोच्या हाताला एकच लेडीज पाकीट कसं पुरणार? पाकिटावर बाई किंवा बुवा लिहून उपयोग नाही. माप हाताचं घ्यायचं.

मी घेतलं. शिवणाची टेप आणली आणि हॉस्टेलच्या रूममध्ये दुकान मांडलं. माझं मनगट १४.५ सेंमी. चार बोटांच्या गाठींवरून तळव्याभोवतीचा घेर, अंगठा सोडून, १७.५ सेंमी. आता आमचे सर बांधायला शिकवतात ती पद्धत अशी: अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, गाठींवरून तीन, मग बोटांच्या तीन बेचक्यांतून एकेक फुली, अंगठ्याला एक, पुन्हा गाठींवर तीन आणि शेवटी मनगटाला दोन. मनगटाचे पाच वेढे म्हणजे साडेबहात्तर सेंमी. गाठींचे सहा म्हणजे १०५. एका फुलीला माझ्या हातावर ३० लागतात, तीनच्या ९०. अंगठा २५, फास १०. बेरीज ३०२.५ सेंमी. बाजारात १०८ इंच म्हणजे २७४ सेंमी, १२० इंच म्हणजे ३०५ आणि १८० इंच म्हणजे ४५७. म्हणजे मला १२० इंची जणू मापानं शिवल्यासारखी बसते! १०८ मध्ये गाठींचे दोन वेढे कमी पडतात, सावलीशी खेळायला ठीक, बॅगला नाही. आणि १८० घेतली तर दीड मीटर कापड उरतं, गाठींवर जवळजवळ नऊ वेढे जास्तीचे.

मग रूममेटला धरलं. ती अमरावतीची, बास्केटबॉल खेळते, माझ्यापेक्षा हातभर उंच. मनगट १६.५, गाठी २०. तिची बेरीज निघाली ३४७. म्हणजे लेडीज तर सोडाच, तिला १२० सुद्धा पुरत नाही. तिनं सरळ १८० घ्यायची आणि उरलेलं मनगटावर संपवायचं. मेसमध्ये एका सीनियर मुलाचं मनगट मोजायला मागितलं तर तो उगाच लाजला. त्याचं १८ आणि २२ निघालं, बेरीज ३७८. म्हणजे रूममेट आणि तो, दोघांना एकच पाकीट. मला वेगळं. लेडीज-जेंट्सचा प्रश्न तिथेच मिटला.

उरलं तर उरलं, बिघडतं काय, जास्त कापड म्हणजे जास्त सुरक्षा नाही का? मलाही तसंच वाटायचं. पण बॉयलरच्या पत्र्याचं सूत्र आठवा, गोल भांड्यातला दाब आणि भिंतीतली ओढ. ओढ तीच ठेवली तर दाब त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात. माझं मनगट त्या सीनियरपेक्षा बारीक, त्यामुळे त्यानं जेवढ्या जोरानं पट्टी ओढली तेवढ्याच जोरानं मी ओढली तर माझ्या मनगटावर दाब सुमारे चोवीस टक्के जास्त पडतो. (मनगट तंतोतंत गोल नसतं, मान्य. पण अंदाजाला पुरे.) आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर आपला दाब चढवतो. सर आपल्या दणकट हातांनी मुलींना पट्टी बांधून देतात तेव्हा त्यांच्या सवयीची ओढ आपल्या मनगटाला जाचते ती यामुळे. ते बिचारे मनापासून बांधतात. आपण सांगायला हवं. मी तर एकदा मुंग्या येणारी बोटं घेऊन पाऊण तास गप्प उभी होते, कारण सगळ्यांसमोर ‘सर, दुखतंय’ कसं म्हणायचं? नाजूक म्हणतील ना! आता म्हणते. बधिर बोटांची मूठ नीट वळतच नाही, आणि न वळलेल्या मुठीनं मारलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

ग्लोव्हजचाही विचार करायला हवा. आपल्या मापाचे १० औंसवाले स्वतःचे ग्लोव्हज असतील तर आतली जागा मोजकीच असते. तिथे १८० इंची पट्टी कोंबली की लहान हात धड मिटतही नाही. पण हॉस्टेलच्या कॉमन १६ औंसच्या ग्लोव्हजमध्ये माझा हात डब्यातल्या लाडवासारखा खडखडतो. तिथे लांब पट्टीनं जागा भरून निघते, हे खरं आहे. मी दोन महिने तसंच चालवलं. पण तो जुगाड आहे. जमेल तेव्हा आधी ग्लोव्हज मापाचे घ्यावेत आणि पट्टी हातात घालूनच ते दुकानात घालून पाहावेत. मोकळ्या हातानं घातलेला ग्लोव्ह नेहमीच बरा वाटतो.

स्पर्धेत उतरायचं असेल तर लांबी-रुंदी आपल्या मर्जीची नसते. एआयबीएच्या काळापासून हौशी बॉक्सिंगच्या नियमपुस्तकात पट्टी अडीच ते साडेचार मीटर लांब आणि ५.७ सेंमी रुंद असावी असं दिलेलं असे. बाजारातल्या बहुतेक पट्ट्या पाच सेंमीच्या आसपास असतात. नाव देताना आयोजकांकडून त्या स्पर्धेचे नियम मागून घ्या, आणि १८० इंची पट्टी टेपनं मोजूनच न्या, कारण १८० इंच म्हणजे ४.५७ मीटर! रोजच्या सरावाला मात्र माझ्यासारख्या छोट्या पंजाला अरुंद पट्टी सोयीची, बेचक्यातून गेली की गोळा होत नाही. अंगठ्याचा फास हाही बघायची गोष्ट आहे. काही पाकिटांत तो एवढा मोठा असतो की बारीक अंगठ्यावरून सुरुवातीलाच निसटतो आणि पुढचं सगळं ढिलं पडतं. दोन टाके घालून तो लहान करता येतो. दुकानदाराला सांगत बसू नका, सुई-दोरा काढा.

आता आजीची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

दिवाळीच्या सुटीत सिंदीला गेले होते. हाताची सवय मोडू नये म्हणून पट्ट्या घेऊन गेले, आणि ओसरीत बसून बांधत होते. आजीनं पाहिलं आणि घाबरली. ‘काऊन वं पोरी, हाताले का झालं?’ मी म्हटलं, काही नाही आजी, खेळायचं आहे. मग तिला सगळं सांगितलं. मारामारीचा खेळ ऐकून ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं पट्टी हातात घेतली, बोटांनी चोळली, उन्हाकडे धरून पाहिली आणि म्हणाली, ‘विरविरीत हाय. याचे पैसे देल्ले तुनं?’ मी किंमत सांगितली. दोन-तीनशे रुपयांत दोन पट्ट्या, हे ऐकून मात्र ती खरंच रागावली!

पेटी उघडून तिनं एक जुनं सुती लुगडं काढलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ‘मले लांबी सांग.’ मी कात्री आणायला उठले तर म्हणाली कात्री नको, कात्री वाकडी जाते. दाताखाली बारीक चीर पाडली आणि टर्रकन एका दमात फाडत नेली. रेषा अशी सरळ की ड्राफ्टरनं आखली असावी. मी विचारलं कसं काय? तर कापडाला उभा धागा असतो आणि आडवा. ताणा आणि बाणा. लुगड्यात उभा धागा लांबीच्या बाजूनं जातो. त्या बाजूनं फाडलं की फाट धाग्याच्या बाहेर जाऊच शकत नाही. आणि मागावर सगळा ताण सोसतो तो उभा धागाच, म्हणून पट्टी त्याच बाजूची हवी, ओढली तरी वाढत नाही. तेच कापड तिरकं कापलं असतं तर रबरासारखं लांबलं असतं. शाळेत असताना आमची सहल वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेली होती, १९३८ पासूनचं आहे ते, खादी आणि ग्रामोद्योगाचं. तिथे सूतकताईचं सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी मैत्रिणींशी गप्पा मारत पुढे निघून गेले होते. कापसाच्या जिल्ह्यातली मुलगी, आणि ताणा-बाणा कळला विसाव्या वर्षी, तोही बॉक्सिंगमुळे.

आजीनं फाडली ती काठाची पट्टी. लुगड्याला दोन बाजूंनी दोन काठ, म्हणजे दोन हातांना दोन पट्ट्या. नऊवारीची लांबी आठ मीटरच्या वर, त्यामुळे जोड लावायचा प्रश्नच नाही, माझे ३०५ सेंमी आरामात निघाले. काठाची एक कड विणतानाच पक्की झालेली असते, ती उसवत नाही. दुसरी फाडलेली कड तिनं दुमडून मशीनवर शिवली, एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला जुन्या सँडलची वेलक्रो. माझ्याकडे आता लाल काठाच्या पट्ट्या आहेत. हॉस्टेलमध्ये कोणाकडेच नाहीत.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या सर्वगुणसंपन्न नाहीत. काठ जाड असतो, त्यामुळे बेचक्यात टोचतो, आणि दुमडलेल्या कडेची शिवण नेमकी गाठीवर आली तर लाल वळ उठतो. शिवाय जुनं धुतलेलं सूत किती दिवस टिकेल याची खात्री नाही. म्हणून स्पॅरिंगला मी दुकानाची सुती १२० इंची वापरते आणि बॅगच्या हलक्या सरावाला, बांधायची सवय करायला आजीची. पण ज्या मैत्रिणींना पाकीट विकत घ्यायच्या आधी आपली लांबी ठरवायची आहे, त्यांच्यासाठी जुन्या सुती साडीची पट्टी फार उपयोगाची आहे. आधी लांबच लांब फाडा, बांधून बघा, जिथे संपते तिथे खूण करा, मग टेपनं मोजा. वर मी केलेलं गणित करायचीही गरज नाही.

बांधताना दोन-तीन गोष्टी. हातातली अंगठी, मनगटावरचा काळा दोरा, कडं, सगळं आधी काढायचं. दोरा काढायला घरचे नाही म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण पट्टीखाली तो सुरीसारखा रुततो; मी माझा पायात बांधला, आजीची हरकत नव्हती. नखं बारीक हवीत, नाहीतर मूठ वळल्यावर आपल्याच तळव्यात घुसतात. आणि पट्टी गुंडाळताना बोटं पूर्ण फाकवून ठेवायची. बोटं मिटून बांधलं की उघडताना काचतं, सैल बोटांवर बांधलं की मूठ वळल्यावर ढिलं पडतं. झाल्यावर मूठ उघडून सैल सोडली तर पट्टी जाणवायची नाही, मूठ वळली की आवळायला हवी. मग एका नखावर दाब देऊन ते पांढरं करायचं आणि सोडायचं. दोन सेकंदांत गुलाबी झालं तर ठीक. नाही झालं, किंवा मुंग्या आल्या, तर सोडून पुन्हा बांधायचं, राउंडची घंटा वाजली असली तरी. आणि कधी मार लागून सूज आली, बोट वाकडं दिसलं किंवा मूठ वळताना एक बोट दुसऱ्यावर चढायला लागलं, तर पट्टी घट्ट करून पुढे खेळायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. मी त्या दिवशी आणखी दोन राउंड खेळले होते.

राहिली धुलाई. घामट पट्टी बॅगेत गुंडाळून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिचा वास रूमच्या दारातच स्वागत करतो. रोज धुवायची, म्हणून दोन जोड लागतात. मशीनमध्ये टाकायची तर जुन्या उशीच्या खोळीत घालून तोंड बांधून टाका, नाहीतर बाहेर येताना सगळ्या कपड्यांची वेणी होऊन येते. एकीची पट्टी दुसरीनं वापरायची नाही, मैत्री कितीही घट्ट असो. हॉस्टेलमध्ये गजकर्ण एका खोलीतून दुसरीत असंच जातं.

वाळवायला आमच्या मजल्यावर एकच दोरी आहे. गेल्या महिन्यात वॉर्डन मॅडम राउंडला आल्या, दोरीवर तीन-तीन मीटरच्या आठ पट्ट्या ओळीनं लोंबत होत्या, त्यात दोन लाल काठाच्या. मॅडमनी विचारलं, कोणाला एवढं लागलंय? मी म्हटलं, मॅडम, कोणालाच नाही. त्यांनी एक पट्टी हातात घेऊन पाहिली, काठ ओळखला, आणि विचारलं, संध्याकाळी किती वाजता असतं तुमचं हे? साडेपाच, मी सांगितलं. त्यांचं मनगट १५ सेंमी आहे. मी मोजलं.